बारावी कॉमर्सनंतर बीबीए: नांदेड, संभाजीनगर की पुणे? (सेलूहून, सल्ला हवा)

कापूसकाटा | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इथं मी वाचायलाच येतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी सेलूचा, जिल्हा परभणी. एका जिनिंगमध्ये हिशेबाला आहे, महिना २८,००० पगार, गावाकडं चार एकर कोरडवाहू. थोरली लेक यंदा बारावी कॉमर्स झाली, मराठी माध्यम, ८१ टक्के. बीबीएच्या सीईटीत ८६ पर्सेंटाइल आले. तिला धंद्याचंच शिकायचंय. हंगामात माझ्यासोबत जिनिंगला यायची, काट्याजवळ बसून कापसाच्या गाड्यांच्या पावत्या लिहायची. एकदा एका गाडीला ओल जास्त निघाली आणि भाव कमी लागला. शेतकरी भांडायला उठला, तर हिनं त्याला पाटीवर आकडे मांडून दाखवलं की क्विंटलमागं किती गेले आणि का गेले. माणूस शांत झाला. त्या दिवशी मला कळलं की पोरीला यातलं समजतंय.

आता आमच्यासमोर चार रस्ते आहेत.

एक, नांदेडचं एक महाविद्यालय, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाशी संलग्न. नांदेडला माझी बहीण असते, राहण्याचा प्रश्न नाही. दोन, संभाजीनगरचं महाविद्यालय, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. तीन, पुण्यातलं पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. हे तिन्ही कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून. चौथं पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ. तिथली फी वर्षाला सव्वातीन लाख, होस्टेल-मेस एक लाख चाळीस हजार. तीन वर्षांचे जवळपास चौदा लाख होतात, म्हणजे माझा चार वर्षांहून जास्त पगार.

पण तिथले लोक दिवसातून तीन वेळा फोन करायलेत. मॅडम फार गोड बोलतात, लेकीला नावानं हाक मारतात. म्हणतात २५,००० भरून सीट ब्लॉक करा, रविवारनंतर जागा राहणार नाही. आज रविवारच आहे. आता सांगायलेत की खास तुमच्यासाठी बुधवारपर्यंत ठेवतो.

आई म्हणते लेकरू नांदेडला आत्याकडं राहू द्या. मेहुणे म्हणतात पुण्याशिवाय नोकरी नाही. मी स्वतः बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, मला यातलं काही कळत नाही. कर्ज काढायची माझी तयारी आहे, फक्त ते वाया जाऊ नये. जाणकारांनी सांगावं.


खिडकी_क्रमांक_चार | रविवार, रात्री १०:२५

दादा, आधी एक करा. २५,००० भरू नका. आज नाही, बुधवारीही नाही.

एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर मी २२ वर्षं काढली, त्या अनुभवावरून लिहिते. विद्यापीठ कोणतं चांगलं हे इतर लोक सांगतील. मी पैशाचं सांगते, कारण तुमच्या बाबतीत अर्धा निर्णय तिथंच होतोय.

शासनाचा ८ जुलै २०२४ चा निर्णय आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ५० टक्के होतं. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही. आणि खासगी (स्वयंअर्थसहाय्यित) विद्यापीठ किंवा खासगी अभिमत विद्यापीठ असेल तर ही माफी लागूच नाही. हे पुण्यापुरतं नाही. संभाजीनगरातही २०१९ पासून एमजीएम हे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ आहे, तिथंही हाच नियम.

म्हणजे तुमचे रस्ते चार नाहीत, दोनच आहेत. पहिल्या तिघांत शिक्षण शुल्काचा बोजा जवळपास नाही, खर्च राहण्या-जेवण्याचा. चौथ्यात सगळंच तुमच्या अंगावर.

प्रवर्ग कोणता ते कळवा. आणि दाखल्यांवरची नावं आजच्या आज तपासा. माझ्या टेबलावर एक मुलगी आली होती, आधारवर आईचं नाव ‘सुमन’ आणि शाळेच्या टीसीवर ‘सुमनबाई’. तेवढ्यासाठी महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज परत परत मागं यायचा. मार्च उजाडला. तिचे वडील दर वेळी शंभर किलोमीटरवरून एसटीनं यायचे आणि माझ्यासमोर उभे राहायचे. मला ते अजून आठवतं.


कापूसकाटा | रविवार, रात्री १०:४०

ताई, ओबीसी आहोत. नॉन-क्रिमीलेअर काढलंय, जात वैधता गेल्या वर्षीच मिळाली. हे माफीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या फोनवाल्या मॅडमला शिष्यवृत्तीचं विचारलं तर म्हणाल्या आमची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप आहे, १० टक्के.


वाळूज_जनरल_शिफ्ट | रविवार, रात्री ११:१५

पुण्याशिवाय नोकरी नाही, हे मेहुण्यांचं वाक्य मला खटकलं म्हणून लिहितो.

मी वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभाग बघतो. बजाजचा कारखाना इथं १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या भोवती आमच्यासारख्या शेकडो छोट्या-मध्यम कंपन्या उभ्या राहिल्या. चिकलठाणा, शेंद्रा, आता ऑरिक आणि बिडकीन या औद्योगिक वसाहतींतही तेच. या प्रत्येक कंपनीला खरेदी, स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट, एचआर अशा जागांवर माणसं लागतात आणि ती माणसं बी.कॉम. किंवा बीबीएच असतात. दरवर्षी सात-आठ पोरांच्या मुलाखती मी स्वतः घेतो.

मुलाखतीत मी काय करतो ते सांगतो. एका पुरवठादाराची चाळीस ओळींची बिलं आणि आमच्या स्टोअरच्या माल-आवक नोंदी, दोन्ही एक्सेलमध्ये देतो. म्हणतो, कुठं फरक आहे ते शोधून दे, अर्धा तास. त्यात तीन चुका मुद्दाम असतात: एक नगाची, एक दराची, एक जीएसटीच्या टक्क्याची. गेल्या वर्षी पुण्याच्या खासगी विद्यापीठाचा एक मुलगा आला होता. बोलायला अत्यंत सफाईदार, प्रेझेंटेशन सुंदर, पण एक चूक सापडली. जालन्याची एक मुलगी आली. इंग्रजी अडखळत, हात थरथरत होते, तिन्ही काढल्या आणि चौथी काढली जी मलाच माहीत नव्हती. ती आज माझ्या शेजारच्या टेबलावर आहे.

याचा अर्थ पुण्याची मुलं कच्ची असा नाही, उलटही पाहिलंय. एवढंच म्हणतो की माझ्या टेबलावर विद्यापीठाचं नाव पाच मिनिटं चालतं, नंतर हात चालतो. तुमच्या लेकीनं कापसाच्या पावत्या लिहिल्यात. ते बायोडाटात पहिल्या ओळीत लिहायला सांगा.


दिंद्रुड_ते_हिंजवडी | सोमवार, सकाळी ७:०५

काका, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही.

मी माजलगाव तालुक्यातला. पाच वर्षांपूर्वी असेच फोन आमच्या घरी यायचे. मी अशाच एका विद्यापीठात बीबीए केलं, नाव घेत नाही. बाबांनी साडेसात लाखांचं कर्ज काढलं, उरलेले उसाच्या बिलातून आणि आईच्या पाटल्यांतून. कर्जाला जमीन तारण लागली नाही म्हणून तेव्हा हलकं वाटलं. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, हे कुणी समजावून सांगितलं नाही. शिक्षण संपून हप्ता सुरू झाला तेव्हा मुद्दल दहा लाखांवर पोचलं होतं. हप्ता साडेतेरा हजार. पहिला पगार सव्वीस हजार, हिंजवडीत खोलीभाडं साडेसहा हजार. बाकीचं गणित तुम्हीच मांडा.

तिथं शिकलो नाही असं म्हणणार नाही. ग्रंथालय छान होतं, दोन प्राध्यापक असे मिळाले की आजही फोन करून त्यांना विचारतो. बोलायला शिकलो. पण ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणाले होते, ती निघाली विमा आणि घरकर्ज विकायची, टार्गेटवर. वर्गातल्या कितीतरी जणांनी तीन महिन्यांत सोडली. ज्यांच्या घरी दुकान, धंदा होता ते परत गेले आणि बरे आहेत. आम्ही कर्जवाले अडकलो.

कर्ज काढायचंच झालं तर एमबीएला काढा. तेव्हा तिचं वय, समज आणि नोकरीचा अनुभव तिच्यासोबत असेल.


गंजगोलाई | सोमवार, सकाळी ९:३०

वरच्या मित्राला सलाम, असं उघड लिहायला धीर लागतो.

मी लातूरला सीए आहे, डाळमिलवाल्यांची कामं बघतो. माझा प्रश्न जरा वेगळा: बीबीएच का? एमबीएच्या सीईटीला किंवा कॅटला कोणतीही पदवी चालते, खुल्या गटाला ५० टक्के गुण पुरेत. बीबीए केलेल्याला एमबीएत वेगळी सवलत नाही. बी.कॉम. केलं तर हिशेब पक्का होतो, सोबत सीए फाउंडेशन देता येतं, आता ती परीक्षा वर्षातून तीनदा होते. आर्टिकलशिपही (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीनची दोन वर्षांवर आलीय. काट्यावर आकडे मांडणाऱ्या पोरीसाठी मला हाच रस्ता दिसतो. आणि तो सेलूतूनही सुरू होतो.


बिंदुसरा | सोमवार, सकाळी ११:२०

सीए साहेबांशी अर्धा सहमत. बीडला वाणिज्य शिकवतो म्हणून उरलेला अर्धा सांगतो.

बी.कॉम. हिशेबाच्या मागं उभं राहायला शिकवतं. बीबीए नीट शिकवलं तर माल, माणसं, गिऱ्हाईक, पैसा या चारही गोष्टींकडं एकत्र बघायला शिकवतं. ज्या मुलीला चिडलेल्या शेतकऱ्याशी बोलता आलं तिला फक्त खातेवहीत बसवू नये असं मला वाटतं. पण ‘नीट शिकवलं तर’ यावरच सगळं अडलंय.

थोडी पार्श्वभूमी. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा आपला सगळा भाग त्याच्याखाली होता. १९९४ साली जानेवारीत नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली तिकडं. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इकडं. लोक आजही विचारतात की नांदेडची डिग्री मोठी की संभाजीनगरची. प्रामाणिकपणे सांगतो, पदवीच्या पातळीवर या दोघांत कंपन्या फरक करत नाहीत. फरक महाविद्यालयाचा असतो. एकाच विद्यापीठाखाली उत्तम वर्गही आहेत आणि जिथं खडूसुद्धा उचलला जात नाही असे वर्गही आहेत. म्हणून विद्यापीठ निवडताय असं समजू नका, वर्ग निवडताय असं समजा.

वर्ग कसा बघायचा? जुलैत कुठंही जा, तुम्हाला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवून चहा पाजतील. चहा घ्या आणि बाहेर पडा. सूचना फलकावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक लावलंय का बघा, आणि त्या तासाला त्या खोलीत खरंच कुणी शिकवतंय का तेही बघा. ग्रंथालयात पुस्तक देण्या-घेण्याचं रजिस्टर बघू द्या म्हणा. बीबीएच्या पुस्तकांपुढं गेल्या सहा महिन्यांत सह्या आहेत का? नसतील तर कपाटाला कुलूप आहे समजा. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे सरळ विचारा. मुलाखतीला उभं राहिल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

आणि ओजेटी. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण अभ्यासक्रमातच आहे, त्याला श्रेयांक आहेत. काही ठिकाणी मुलं ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून देतात आणि झालं. ज्या महाविद्यालयाची मुलं खरंच एमआयडीसीत, बँकेत, शेतकरी कंपनीत जाऊन आलीत ते यादी दाखवतात. यादी मागा.

धोरणात चौथं वर्षही आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चार केली तर ऑनर्स. तुमच्या महाविद्यालयात चौथं वर्ष चालतंय का हे आत्ताच विचारून ठेवा.

भाषेबद्दल रात्री सविस्तर लिहितो, तास आहे.


वजिराबाद_चौक | सोमवार, दुपारी १:४५

बिंदुसरा सरांचं शब्द न् शब्द खरंय. मी नांदेडला बीबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचं नाव नको. दुसऱ्या वर्षी कॉस्टिंगचे सर तासिका तत्त्वावर होते, मानधन सहा-सहा महिने थकायचं, दिवाळीनंतर आलेच नाहीत. तो विषय आम्ही यूट्यूबवरून काढला. सरांचा राग नाही आला, त्यांच्याकडं बघून वाईट वाटायचं.

पण नांदेडच्याच दुसऱ्या कॉलेजातले मित्र आहेत, त्यांचं छान चाललंय. सर त्यांना घेऊन वसमतला हळदीच्या लिलावाला गेले होते. त्यांनी शेतापासून पॅकेटपर्यंत किलोमागं कुणाला किती उरतं याचा तक्ता केला. तो मी मागून घेतला, अजून माझ्याकडं आहे. काका, नांदेडला आलात तर कळवा, दोन्ही कॉलेजं दाखवतो.


कळंबची | सोमवार, दुपारी ३:१०

सगळे पुण्याच्या विरोधात बोलायलेत म्हणून मी उलट बाजूनं लिहिते. पुणं म्हणजे फक्त ते महागडं विद्यापीठ नाही.

मी कळंबची, जिल्हा धाराशिव. पुणे विद्यापीठाच्या एका साध्या संलग्न महाविद्यालयातून बीबीए केलं. पुण्यात बीएमसीसीसारखी १९४३ पासून वाणिज्यच शिकवत आलेली महाविद्यालयं आहेत, पण मला तिथं नव्हतं मिळालं. तरी या शहरानं मला जे दिलं ते कळंबला बसून मिळालं नसतं. पहिल्या वर्षापासून शनिवार-रविवार एका प्रदर्शन भरवणाऱ्या कंपनीत काम केलं, दिवसाला ५०० रुपये. स्टॉलवर उभं राहून अनोळखी माणसाशी बोलायची भीती गेली. माझ्या वर्गात केरळची, मणिपूरची मुलं होती. मराठी न कळणाऱ्या मैत्रिणीशी तीन वर्षं एका खोलीत राहिल्यावर इंग्रजी आपोआप येतं, त्याला क्लास लागत नाही.

आणि एक बोलते, आत्यांना राग येऊ नये. आत्याकडं राहणं स्वस्त पडतं, पण आत्याच्या घरात पोरीला सहाच्या आत यावं लागतं, पाहुणे आले की चहा टाकावा लागतो, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. मी मावशीकडं सहा महिने राहून बघितलंय. मावशीची माया खरी होती, पण अभ्यास होत नव्हता. वसतिगृह बघा, जिथं कुठं जाल तिथं.

माफी पुण्याच्या कॅपच्या जागेलाही लागू आहेच. मग राहण्या-खाण्याचा खर्च जमवून पुणं का नको?


वाळूज_जनरल_शिफ्ट | सोमवार, दुपारी ३:४०

ताई, आत्याबद्दल शंभर टक्के पटलं.


खिडकी_क्रमांक_चार | सोमवार, सायंकाळी ६:००

कळंबची ताईंचा मुद्दा बरोबर, मी त्यात कागदाची भर घालते.

माफीत होस्टेल, मेस, डिपॉझिट, इतर किरकोळ शुल्क येत नाही. महाविद्यालयाच्या शुल्कपत्रकात शिक्षण शुल्काच्या खाली बारीक अक्षरांत काय काय आहे ते लिहून आणा. ओबीसी मुलींसाठी शासकीय वसतिगृह आहे का, त्याचा अर्ज कधी सुटतो, हे समाजकल्याणच्या आणि इतर मागास बहुजन कल्याणच्या कार्यालयात विचारा. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृह नाही मिळालं तर स्वाधार योजना आहे, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

अजून एक सापळा. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मान्यतेखाली आले आणि राज्यानं सीईटी लावली. पहिल्या वर्षी कित्येक मुलांना सीईटीचा पत्ताच नव्हता, जागा रिकाम्या राहिल्या, दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. तेव्हापासून काही महाविद्यालयांनी कोर्सचं नावच बदललं, बी.कॉम. मॅनेजमेंट वगैरे, म्हणजे सीईटी नको. तो कोर्स वाईट असतो असं नाही. पण त्याचा प्रवेश कॅपमधून होत नाही, तेव्हा ही माफी बसते का हे शिष्यवृत्तीच्या खिडकीवर विचारल्याशिवाय पैसे भरू नका. प्रवेशाच्या टेबलावर नाही, शिष्यवृत्तीच्या.

आणि समजा कुठं भरलेच, तर यूजीसीचा ऑक्टोबर २०१८ चा नियम लक्षात ठेवा. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत. प्रक्रियेचे म्हणून फार तर ५ टक्के कापता येतात, तेही ५,००० पर्यंतच. तारीख जवळ आली की परतावा कमी होत जातो. मूळ गुणपत्रिका, टीसी अडवून ठेवायचा हक्क कुणालाही नाही. तपासायला दाखवा आणि परत घ्या.


गंजगोलाई | सोमवार, रात्री ८:१५

कर्जाबद्दल थोडं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना आली. यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर तारण-जामीनदाराशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंत ७५ टक्के हमी केंद्राची, आणि ८ लाखांच्या आतल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत. संस्था यादीत आहे का ते बँकेत विचारा, फोनवाल्या मॅडमला नको.

आणि बिंदुसरा सर, बीबीएबद्दलचं तुमचं पटलं. माझ्याकडं आर्टिकलशिपला आलेली चांगली चांगली पोरं गिऱ्हाइकाशी बोलताना घाबरतात, हे मी रोज बघतो.


बिंदुसरा | सोमवार, रात्री १०:३०

भाषेचं सांगतो, कारण मराठी माध्यमाची मुलं इथंच गळतात आणि कुणाला सांगत नाहीत.

सीईटीत तिला इंग्रजी जमलंय हे चांगलं लक्षण आहे, त्या पेपरात १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचेच असतात. पण पर्याय निवडणं वेगळं आणि बारा पानांची केस वाचून वर्गात बोलणं वेगळं. माझ्याकडं गेवराईकडची एक मुलगी होती. पहिल्या महिन्यात तिच्या पुस्तकाचं पान बघितलं, प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं मराठी शब्द लिहिलेले. ‘ओव्हरहेड’च्या वर ‘डोक्यावरून’ लिहिलं होतं. मी तिला बाजूला बसवलं आणि विचारलं, गावात पिठाची गिरणी आहे का? आहे म्हणाली. गिरणीवाल्याला दळण आलं नाही तरी कोणते पैसे भरावे लागतात? भाडं, मीटरचं ठरलेलं बिल, पोराचा पगार. हेच ते, म्हटलं. तिनं खोडरबरानं ‘डोक्यावरून’ खोडलं आणि ‘दळण नसतानाचा खर्च’ असं लिहिलं. दिवाळीपर्यंत पेन्सिल कमी झाली, दुसऱ्या वर्षी पान कोरं दिसायला लागलं.

असा एखादा माणूस ज्या वर्गात आहे तो वर्ग शोधा. पुण्यात असेल तर पुणं, नांदेडला असेल तर नांदेड. आणि जिथं जाल तिथल्या मुलींना विचारा की न कळलं तर कुणाकडं जाता. त्या पटकन एखादं नाव घेतात, किंवा एकमेकींकडं बघतात.

भिंतीवरच्या रँकिंगच्या फलकाचं आज वेगळं लिहीत नाही. एवढंच, तो क्रमांक बीबीएचा आहे की एमबीएचा ते वाचा.


कापूसकाटा (लेक लिहितेय) | मंगळवार, रात्री ९:००

नमस्कार. मी त्यांची मुलगी. बाबांनी सगळा धागा मला वाचायला दिला, मग आईला आणि आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. दिंद्रुडच्या दादाचं वाचताना बाबा मध्येच थांबले. त्यांनी त्या विद्यापीठाला फोन करून नाही सांगितलं.

मला माझं म्हणणं सांगायचंय. मला पुण्याची ओढ होती, खरं सांगते. मैत्रिणी चालल्यात. पण वाळूजच्या काकांचं ते चाळीस ओळींचं वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. जिनिंगमध्ये मी हेच करायचे, पावती आणि वहीचा मेळ. याला नोकरी म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. मला आधी हे शिकायचंय की एवढी मोठी खरेदी कशी चालते, आणि पुढं कधीतरी आमच्याकडच्या कापसाचं काहीतरी करायचंय. गाठी इथून जातात आणि कापड दुसरीकडून येतं, हे मला लहानपणापासून खटकतं.

कळंबच्या ताई, तुमचं आत्याबद्दलचं मी आईला दोनदा वाचून दाखवलं. आजी म्हणाली, “खरं बोलायली बाई.”

बिंदुसरा सर, मी पण पेन्सिलीनं लिहिते.

उद्या बाबा आणि मी संभाजीनगरला दोन कॉलेजं बघायला जाणार, परवा नांदेड. वजिराबाद दादा, परवा अकराला स्टेशनवर.


वजिराबाद_चौक | मंगळवार, रात्री ९:१०

येतो. बाहेरच्या चहाच्या टपरीजवळ.


कापूसकाटा | अकरा दिवसांनी, शनिवार, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. जे घडलं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

संभाजीनगरच्या पहिल्या कॉलेजात प्रवेशाच्या खोलीत एसी होता आणि ग्रंथालयाला कुलूप. शिपाई म्हणाला मॅडम रजेवर आहेत. दुसऱ्या कॉलेजची इमारत जुनी, रंग गेलेला. पण तिसऱ्या वर्षाच्या वर्गात तास चालू होता, आम्ही दारात उभे होतो. फळ्यावर कुंथलगिरीच्या खव्याचा हिशेब मांडलेला होता: दूध किती, खवा किती, सरपण किती, मुंबईला पोचवायला किती. सरांनी आम्हाला बघितलं आणि हिला आत बोलावून बाकावर बसवलं. पाऊण तास बसली. बाहेर आली तेव्हा वहीचं पान भरलं होतं.

ओजेटीची यादी मागितली. लगेच मिळाली नाही, क्लार्क म्हणाले उद्या या. मी म्हटलं आम्ही सेलूचे आहोत, उद्या येणं होणार नाही. तेव्हा त्या सरांनीच स्वतःची डायरी काढून दाखवली. त्यात मुलांची नावं, कंपन्यांची नावं, किती दिवस गेले, सगळं हातानं लिहिलेलं होतं. पूर्णवेळ प्राध्यापक तीन, तासिकेवर दोन. न लपवता सांगितलं.

नांदेडचं दुसरं कॉलेजही मनाला लागलं, वजिराबादनं फार फिरवलं, जेवू घातलं, त्याचे उपकार विसरणार नाही. तिथला वर्गही चांगला होता. मग निर्णय लेकीवर सोडला. तिनं पर्याय भरताना पहिलं संभाजीनगरचं ते जुनं कॉलेज टाकलं, दुसरं नांदेड, तिसरं पुण्याचं संलग्न. ताईंनी सांगितल्याप्रमाणं शिष्यवृत्तीच्या खिडकीवर आधी जाऊन विचारलं होतं.

काल यादी लागली. पहिल्या पसंतीचंच मिळालं, त्यामुळं जागा गोठली, पुढच्या फेरीचा प्रश्न राहिला नाही. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क माफ. बाकीचे मिळून ७,४०० भरले, पावती घेतली, मूळ कागदं दाखवून परत आणली. मुलींच्या वसतिगृहात तिघींची खोली आहे. मेस महिना ३,२००.

वाळूजच्या साहेबांना विनंती, पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात तिला तुमच्या स्टोअरमध्ये महिनाभर उभं राहायला मिळालं तर बरं होईल. पगार नको.

आजीनं गोधडी शिवायला घेतलीय. सोमवारी तपोवन एक्स्प्रेसनं निघणार.


वाळूज_जनरल_शिफ्ट | शनिवार, रात्री ८:५०

मे महिन्यात पाठवा. आणि पगार नको असं तिला कुठं म्हणू देऊ नका. स्टायपेंड मिळतो आमच्याकडं.


बिंदुसरा | शनिवार, रात्री ९:१५

त्या खव्याच्या हिशेबाचं पान तिला जपून ठेवायला सांगा. जमलं तर त्याचा फोटो इथं टाका, माझ्या वर्गाला दाखवायचाय.